प्रकरणयुक्त श्राव्य पुस्तक

प्रकरणयुक्त श्राव्य पुस्तक : ग्रंथाच्या ध्वनिमुद्रित वाचनाची अशी एकसंध फाइल, की जिच्यात आवाजाबरोबर प्रकरणांची नावे व त्यांच्या आरंभाच्या वेळा नोंदलेल्या असतात. एम४बी हा तिचा सर्वांत रुळलेला प्रकार. प्रकरणाची खूण आवाजात कोठेच नसते. ती आवाजाशेजारी लिहून ठेवलेली एक वेळ असते. सुट्या ध्वनिमुद्रणांतून असे पुस्तक बांधताना होणाऱ्या बहुतेक चुका ही वेळ आणि आवाज यांची फारकत झाल्याने होतात.

इतिहास : फोनोग्राफचे संभाव्य उपयोग सांगताना टॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच अंधांसाठी बोलत्या पुस्तकांची कल्पना मांडली होती. अमेरिकेत १९३४ पासून व ब्रिटनमध्ये १९३५ पासून अशी पुस्तके तबकड्यांवर मिळू लागली. तबकडी काय किंवा नंतरची कॅसेट काय, पुस्तकाची विभागणी माध्यमाच्या लांबीने ठरे. बाजू संपली की प्रकरण मध्येच तुटे. सीडीवर ट्रॅक आले, पण एका सीडीवर ते ९९ पर्यंतच आणि वेळ सुमारे ७४ मिनिटे. दहा तासांच्या पुस्तकाला नऊ सीडी लागत.

प्रकरणांच्या खुणांचा उगम कोठे मानायचा, याबद्दल दोन मते आढळतात. एक मत ही परंपरा डेझी या प्रणालीपासून मोजते. स्वीडनमधील अंधांसाठीच्या ग्रंथालयात १९८८ च्या सुमारास तिचे काम सुरू झाले, १९९६ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि २००२ मध्ये तिला अमेरिकी मानकाचे रूप मिळाले. डेझीत मथळ्यांच्या सहा पातळ्या असतात. भागातून प्रकरणात, प्रकरणातून उपप्रकरणात उतरता येते. दुसऱ्या मतानुसार आजची प्रकरणयुक्त फाइल ही क्विकटाइम या चलचित्र-प्रणालीतील मजकुराच्या ट्रॅकची वंशज आहे. फाइलची बांधणी पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते : एम४बी ज्या एमपीईजी-४ या मानकावर उभे आहे त्याची वाहक (आवाज, चित्र व मजकूर एकत्र ठेवणारी) फाइल क्विकटाइमच्या रचनेवरूनच घेतलेली आहे आणि तीत प्रकरणे पातळीविना, सरळ एका ओळीत मांडलेली असतात. डेझीची उतरंड तीत नाही. कल्पना डेझीची, पण सांगाडा क्विकटाइमचा, असे म्हणता येईल.

एम४बी या नावातील ‘बी’चा अर्थही वादाचा आहे. काही जण तो ‘बुक’ असा, तर काही ‘बुकमार्क’ असा लावतात. वाचन जेथे थांबले ती जागा प्लेअर लक्षात ठेवतो, हा दुसऱ्या अर्थाचा आधार. एमपीईजी-४ च्या नोंदणीत मात्र या प्रकाराचे वर्णन आयट्यून्सचे ऑडिओबुक असे आहे, त्यामुळे पहिला अर्थ ग्राह्य धरणे बरे. हा प्रकार साधारणतः २००३ च्या सुमारास प्रचारात आला असावा. आतील आवाजाच्या दृष्टीने एम४ए (याच घराण्यातील साधी ध्वनिफाइल) आणि एम४बी यांत काहीच फरक नाही. नुसते नाव बदलले तरी अनेक प्लेअर फाइलला पुस्तक समजतात. काही मात्र आतील माध्यमप्रकाराची खूण पाहतात, तेथे २ हा आकडा असावा लागतो.

फाइलची रचना : एम४बीत प्रकरणे दोन रीतींनी लिहितात. नीरो (या नावाच्या सॉफ्टवेअरवरून ओळखल्या जाणाऱ्या) रीतीत एका छोट्या कोष्टकात वेळा व नावे असतात. वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजतात. प्रकरणांची संख्या आणि प्रत्येक नावाची लांबी या दोहोंसाठी एकेकच बाइट राखलेला असल्याने प्रकरणे २५५ हून अधिक नाहीत आणि नावही २५५ बाइटांपुरतेच. देवनागरीला ही मर्यादा लवकर जाचते, कारण युटीएफ-८ या अक्षर-संकेतनात तिचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. ‘प्रकरण पहिले’ या दोन शब्दांना ११ चिन्हांचे ३३ आणि रिकाम्या जागेचा १, असे ३४ बाइट लागतात. लांबलचक शीर्षक २५५ व्या बाइटावर चिन्हाच्या मध्येच तुटले, तर शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. क्विकटाइम रीतीत नावांचा वेगळा ट्रॅक असतो व आवाजाचा ट्रॅक त्याच्याकडे निर्देश करतो. तेथे लांबीसाठी दोन बाइट असल्याने ही अडचण येत नाही. कोणता प्लेअर कोणती रीत वाचेल याचा भरवसा नसल्यामुळे दोन्ही लिहिणे श्रेयस्कर. एफएफएमपेग ही आज्ञावली तसेच करते, पण नीरो कोष्टकात पहिलीच २५५ प्रकरणे घालते. तीनशे छोट्या प्रकरणांचे पुस्तक एका प्लेअरवर पूर्ण आणि दुसऱ्यावर अपुरे दिसते, ते यामुळे.

रूपांतर : मूळ ध्वनिमुद्रणे सारख्या सॅम्पलिंग रेटची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, त्या दराची) व सारख्या चॅनेलची करून घेणे ही पहिली पायरी. ४४,१०० आणि ४८,००० हर्ट्‌झच्या फाइली न तपासता जोडल्या, तर काही प्रकरणे वेगाने व चिरक्या आवाजात, नाही तर संथ व घोगऱ्या आवाजात वाजतात. फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक द्यावेत. १, २, १० असे दिल्यास अक्षरक्रमाने १ नंतर १० येतो आणि दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी बसते. एकाच आवाजातील वाचनाला मोनो एएसी (एम४बीतील आवाज लहान करून साठवण्याची पद्धत), सेकंदाला ६४ किलोबिट पुरेसे होते. त्या हिशेबाने तासाला सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. मूळ एमपी३ असेल, तर अधिक बिटरेट (सेकंदामागे बिटांची संख्या) देऊन गेलेला दर्जा परत येत नाही.

सर्वाधिक घोळ जोडणीत होतो. एएसीचा संकेतक (आवाज त्या पद्धतीत रूपांतरित करणारी आज्ञावली) आवाज १,०२४ नमुन्यांच्या चौकटींत बांधतो आणि सुरुवातीला काही नमुने भरताड म्हणून घालतो. प्रचलित आकडा २,११२ नमुन्यांचा, म्हणजे ४४,१०० हर्ट्‌झला सुमारे ४८ मिलिसेकंदांचा. शेवटची चौकट अपुरी राहिली तर तीही शांततेने भरली जाते. चाळीस प्रकरणे आधी वेगवेगळी एएसीत नेऊन मग जोडली आणि वेळा मात्र मूळ वेव्ह (आवाज लहान न करता ठेवणाऱ्या) फाइलींच्या लांबीवरून काढल्या, तर चाळिसाव्या प्रकरणापर्यंत सुमारे दोन सेकंदांची तफावत साचते. जोडलेला आवाज हिशेबापेक्षा लांब झालेला असल्याने खूण आधी पडते आणि नवे प्रकरण मागच्याच्या शेवटच्या शब्दांनी सुरू होते. उपाय साधा आहे : आधी वेव्ह फाइली जोडाव्यात, नमुने मोजून वेळा काढाव्यात आणि संपूर्ण आवाजाचे संकेतन एकदाच करावे. वेव्हची ४ गिगाबाइटची मर्यादा येथे आड येते. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट स्टिरिओला ती ६ तास ४५ मिनिटांवर गाठली जाते, मोनोला १३ तास ३१ मिनिटांवर. मोठ्या पुस्तकासाठी फ्लॅक (दर्जा न घालवता आवाज लहान करणारा प्रकार) वापरावे. बदलत्या बिटरेटच्या एमपी३ला सुरुवातीची माहिती-चौकट नसेल, तर प्लेअर दाखवतो ती लांबी निव्वळ अंदाज असते. तिच्यावरून वेळा काढू नयेत.

एफएफएमपेगला प्रकरणे साध्या मजकूर-फाइलीतून देतात. प्रत्येक प्रकरणाला वेळेचे एकक, आरंभ, शेवट व नाव अशा चार ओळी. एकक १/१००० लिहिले की आकडे मिलिसेकंद होतात. ३० मिनिटे ४३.२५ सेकंद म्हणजे १८४३२५०. एककाची ओळ गाळली, तर आकडे नॅनोसेकंद समजले जातात आणि दहा तासांची सगळी प्रकरणे पहिल्या ३६ मिलिसेकंदांत कोंबली जातात. यादीत नावे बिनचूक दिसतात, पण कोणतेही दाबले तरी पुस्तक पहिल्या पानावरच येते. नावात बरोबरचे चिन्ह, अर्धविराम वा हॅश असेल, तर त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. क्यू-फाइलीवरून (सीडीच्या ट्रॅकांच्या वेळा नोंदणाऱ्या मजकूर-फाइलीवरून) वेळा घेताना शेवटचा आकडा सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग असतो, हे विसरू नये : ०५:३०:४५ म्हणजे ३३०.६ सेकंद, ३३०.४५ नव्हे.

एकाच लांब ध्वनिमुद्रणातून प्रकरणे शोधायची असतील, तर शांतता हेरणारी गाळणी वापरतात. एफएफएमपेगमध्ये तिची मूळ (वेगळे न सांगितल्यास लागू होणारी) मांडणी उणे ६० डेसिबल व २ सेकंद अशी आहे. खोलीतील पंख्याची घरघर बहुधा त्याहून मोठी असते, म्हणून काहीच सापडत नाही. उंबरठा उणे ४० च्या आसपास आणून पाहावे. तरीही नाट्यमय विराम आणि प्रकरणाचा शेवट यांतला फरक यंत्राला कळत नाही, प्रत्येक जागा कानांनी तपासावीच लागते. खूण पहिल्या शब्दाच्या अर्धा सेकंद आधी, शांततेत ठेवावी. शब्दाला चिकटवली तर काही प्लेअर पहिले अक्षर गिळतात.

फार लांब पुस्तकांत आणखी एक अडचण येते. लांबी ३२ बिटांत नमुन्यांनी मोजली, तर ४४,१०० हर्ट्‌झला ती २७ तास ३ मिनिटांवर संपते. तोच आकडा चिन्हांकित (एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखलेला) समजणाऱ्या प्लेअरवर १३ तास ३१ मिनिटांवर. ६४ बिटांची नोंद सर्वच जुनी उपकरणे वाचतात असे नाही. अशा वेळी पुस्तकाचे दोन भाग करणे किंवा २२,०५० हर्ट्‌झ घेऊन मर्यादा दुप्पट करणे हाच मार्ग.

फाइलची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जाते. रूपांतर मध्येच थांबले, तर शेकडो मेगाबाइटची फाइल तयार दिसते पण उघडत नाही. नुसती प्रकरणांची नावे सुधारायची असतील, तर आवाज पुन्हा संकेतित करू नये. तो जसाच्या तसा नव्या फाइलीत उतरवता येतो आणि काम मिनिटभरात होते.

इतर प्रकार : एमपी३मध्ये प्रकरणांची सोय आयडी३च्या (एमपी३त शीर्षकादी माहिती लिहिण्याच्या पद्धतीच्या) २००५ मधील पुरवणीने झाली, वेळा मिलिसेकंदांत असतात. पॉडकास्टच्या प्लेअरांत ती चालते, इतरत्र क्वचितच. मात्रोस्का या दुसऱ्या वाहक फाइलीत प्रकरणात उपप्रकरण घालता येते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये श्राव्य पुस्तकांसाठी शिफारस प्रसिद्ध केली. तीत आवाजाच्या फाइली सुट्याच राहतात आणि वाचनक्रम वेगळ्या मजकूर-फाइलीत असतो.