पाटीवरची सूट आणि बिलातली रक्कम
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सेल लागला की बिल करताना एक प्रश्न हमखास येतो: “वीस टक्के आणि वर दहा, म्हणजे तीस टक्के सूट ना?” नाही, अठ्ठावीस. मधले दोन टक्के आम्ही खाल्ले, असे काहींना वाटते. म्हणून हा हिशोब एकदा कागदावर मांडतो आहोत.

टक्के म्हणजे शेकडा. पण कोणत्या रकमेचे, ते आधी बघायचे. समजा, छापील किंमत १,००० आहे. पहिली २० टक्के सूट या १,००० वर, म्हणजे २००. उरले ८००. पुढची १० टक्के सूट या उरलेल्या ८०० वर बसते, म्हणून ती ८० होते, १०० नाही. द्यायचे ७२०. आधी दहा आणि मग वीस टक्के केले तरी ७२०च. याच न्यायाने ‘५० टक्के अधिक ५० टक्के’ अशी पाटी कुठे दिसली, तर वस्तू फुकट मिळेल असे समजू नका. ती ७५ टक्के सूट आहे.

ठरावीक रकमेच्या कूपनचे मात्र वेगळे. तिथे क्रम बदलला की आकडा बदलतो. १,००० मधून आधी कूपनचे १०० वजा करून मग १० टक्के सूट लावली तर ८१० होतात. आधी टक्के आणि मग कूपन, तर ८००. दुसरा क्रम ग्राहकाच्या फायद्याचा. आम्ही तोच लावतो.

तोंडी हिशोब करायचा असेल तर सूट काढून वजा करत बसू नका, सरळ उरलेले टक्के धरा. ३० टक्के सूट म्हणजे ७० टक्के द्यायचे. किंमत ७९९ असेल तर ८०० धरा: आठ सत्ते छप्पन्न, म्हणजे ५६०. नेमकी रक्कम ५५९.३०. दुकानात उभ्याउभ्या एवढे पुरते. १५ टक्क्यांसाठी आधी १० टक्के काढा, त्यात त्याचे निम्मे मिळवा.

उलटा हिशोब भल्याभल्यांना चकवतो. २० टक्के सूट जाऊन वस्तू ६४० ला मिळाली, तर मूळ किंमत किती? ६४० मध्ये २० टक्के मिळवले तर ७६८ येतात, ते चूक. ६४० हे मूळ किमतीचे ८० टक्के आहेत, म्हणून ०.८ ने भागा: ८००. यातच एक जुनी चलाखीही कळते: किंमत आधी २५ टक्क्यांनी वाढवायची आणि मग २० टक्के सूट जाहीर करायची. ग्राहक पुन्हा मूळ किमतीवरच!

सारख्याच किमतीच्या वस्तू असतील तर ‘एकावर एक मोफत’ म्हणजे ५० टक्के, ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे साधारण ३३ टक्के, आणि ‘दुसरी वस्तू निम्म्या किमतीत’ म्हणजे फक्त २५ टक्के सूट. अर्थात, दुसरी वस्तू नकोच असेल तर सूट शून्य.

आमच्या बिलावर छापील किंमत, प्रत्येक सूट आणि उरलेली रक्कम वेगवेगळ्या ओळींत असते. आकडा जुळला नाही तर पैसे देण्याआधीच सांगा. कधीकधी मशीनमध्ये जुनी किंमत राहून जाते, आणि तेव्हा चूक आमचीच असते.