ॲम्पमधली पांढरी पाच

ट्यूब ॲम्पमधून, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटारच्या ॲम्पमधून, घूंऽऽ असा आवाज यायला लागला, की स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी गिटार हातात घ्या. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबा आणि तार छेडा. तो स्वर आणि ॲम्पची घरघर जवळजवळ जुळत असतील, घरघर केसभर चढी वाटत असेल, तर ती 100 हर्ट्झची आहे. तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर 98 हर्ट्झचा. पेटी वाजवणाऱ्यांच्या भाषेत खर्जातली पांढरी पाच. घरघर त्याच्याही एक सप्तक खाली असेल, जिथे गिटारची एकही तार पोचत नाही, तर ती 50 हर्ट्झची. लहान स्पीकरमधून 50 हर्ट्झ धड ऐकू येत नाही, तेव्हा कानाचा भरवसा वाटत नसेल तर मोबाइलवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप लावून खात्री करून घ्या. एका सप्तकाच्या या फरकावरून निदानाची दिशा ठरते, आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते. अमेरिकेतली 60 वेळा. म्हणून तिथल्या व्हिडिओंमध्ये 60 आणि 120 हे आकडे सांगतात. ते इथे जसेच्या तसे लावले तर फसगत होते. ट्यूबला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. रेक्टिफायर उलट्या दिशेचा अर्धा भाग सुलटा करून देतो, त्यामुळे 50 लाटांचे 100 उंचवटे होतात. या उंचवट्यांमधले खड्डे भरून वीज सपाट करायचं काम मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचं. जुने रेडिओ दुरुस्त करणारे त्यांना अजूनही कंडेन्सर म्हणतात. त्यांच्या पोटात ओलसर रसायन असतं आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू सुकत जातं. पंधरा-वीस वर्षांनी खड्डे नीट भरेनासे झाले, की 100 हर्ट्झ थेट स्पीकरपर्यंत पोचतो.

50 हर्ट्झची कारणं वेगळी. ट्यूबच्या आतला तंतू तापवायला 6.3 व्होल्टची एसी वीज लागते, आणि त्या तारा सिग्नलच्या तारेला खेटल्या तर 50 हर्ट्झ आत झिरपतो. गिटारचं सिंगल कॉइल पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) हे तर वायरच्या हजारो वेढ्यांचं वेटोळं. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ते आनंदाने पकडतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो यावरच्या उपायाचा. उलट गुंडाळलेली दोन वेटोळी, उलट दिशेची चुंबकं. तारेचा सिग्नल एकमेकांत मिळून वाढतो आणि बाहेरची घरघर एकमेकीला खोडते. म्हणून पहिली चाचणी अगदी साधी: गिटारची कॉर्ड, म्हणजे ॲम्पला जोडणारी केबल, काढा. घरघर गेली तर ॲम्प निर्दोष आहे. गिटार घेऊन खोलीत गोल फिरा, एका दिशेला ती कमी होईल.

कॉर्ड काढूनही घरघर राहिली, तर आता ॲम्पकडे वळू. उदाहरण म्हणून 1960च्या दशकातला फेंडर डीलक्स रिव्हर्ब घेतो, कारण त्याची रचना शिकायला फार चांगली आहे. 22 वॉटचा ॲम्प आणि नऊ ट्यूब. त्यातल्या चार 12एएक्स7 (युरोपात हिलाच ईसीसी83 म्हणतात), दोन 12एटी7, शेवटी दोन 6व्ही6 आणि एक रेक्टिफायर. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ही मंडळी परकी वाटायला नकोत. बटण दाबल्यावर रेडिओ अर्धा मिनिट गप्प बसायचा, कारण कॅथोड तापून इलेक्ट्रॉन सोडायला लागेपर्यंत काहीच होत नाही. 1904 मध्ये ब्रिटिश अभियंते फ्लेमिंग यांनी अशा नळीत वीज एकाच दिशेने जाते हे वापरात आणलं. दोन-तीन वर्षांत ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी बसवली. जाळीवर इवलासा व्होल्टेज हलला, की पलीकडचा मोठा प्रवाह हलतो. गिटारचा आवाज मोठा होतो तो या जाळीमुळे.

डीलक्स रिव्हर्बमध्ये दोन चॅनेल आहेत. ट्यूब इनपुटच्या बाजूने मोजल्या, तर नॉर्मल चॅनेल पहिल्या ट्यूबमधून जातं. व्हायब्रेटो चॅनेल दुसरीतून आणि मग चौथीच्या अर्ध्या भागातून. सहाव्या ट्यूबपाशी दोघं एकत्र येतात. बिघाड एकाच चॅनेलमध्ये असेल तर तो संगमाच्या अलीकडे, दोन्हींत असेल तर पलीकडे किंवा वीजपुरवठ्यात. दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर तिचा उगम त्या नॉबच्या पुढे आहे. रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा, नॉब वाढवल्यावर घरघर वाढली तर खाली रेक्झिनच्या पिशवीतली स्प्रिंगची पेटी आणि तिच्या दोन बारीक वायरी तपासा. तिथलं शिल्डिंग तुटलेलं असतं, असं खूपदा आढळतं. शेवटी ॲम्प बंद करून, गार होऊ देऊन सहावी ट्यूब काढा आणि पुन्हा चालू करा. आता आधीच्या टप्प्यांतून काहीच पुढे जाऊ शकत नाही. तरीही घरघर ऐकू येत असेल तर दोष शेवटच्या 6व्ही6 जोडीत किंवा तिला मिळणाऱ्या विजेत आहे.

इथे घाईने कपॅसिटर बदलायला निघू नका. 6व्ही6 च्या दोन ट्यूब पुश-पुल पद्धतीने काम करतात, एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. वीजपुरवठ्यातली 100 हर्ट्झची लहर दोघींकडे सारखीच येते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकीला खोडून टाकते. एक ट्यूब थकली की हा तोल जातो, आणि कपॅसिटर धडधाकट असूनही घरघर सुरू होते. त्यामुळे आधी दुसरी, जुळवलेली जोडी लावून बघावी. या दोन ट्यूबना बायस, म्हणजे प्रवाह आवरून धरणारा जाळीवरचा स्थिर ऋण व्होल्टेज, देणारा पुरवठा मात्र विजेच्या अर्ध्याच लाटेवर चालतो, म्हणून त्याचा कपॅसिटर सुकला तर 50 हर्ट्झ येतो. हा दोष मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. बायस ढासळला तर ट्यूबची प्लेट (इलेक्ट्रॉन झेलणारा धातूचा पत्रा) लाल होते आणि काही मिनिटांत ट्यूब जळू शकते. अंधारात ट्यूबकडे बघायची सवय ठेवा. काचेवरची निळी झाक निरुपद्रवी असते. लाल पडलेली प्लेट दिसली तर तत्क्षणी बंद करा. आणि काचेच्या आतला चंदेरी थर दुधाळ पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब संपली.

आता दुसऱ्या जातीचा आवाज. सूंऽऽ अशी सळसळ, पाऊस लांबून येताना ऐकू येतो तशी. तिला ठरावीक स्वर नसतो. 1918 मध्ये वॉल्टर शॉटकी यांनी दाखवलं, की ट्यूबमधला प्रवाह पाण्यासारखा सलग नसतो. इलेक्ट्रॉन एकेक करून, बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखे आदळतात, आणि त्या आदळण्याचाच आवाज होतो. 1928 मध्ये बेल लॅबमधल्या जॉन जॉन्सन यांनी मोजून आणि हॅरी नायक्विस्ट यांनी गणिताने दाखवलं, की कुठलाही साधा रेझिस्टरसुद्धा (विजेला रोध करणारा भाग) नुसत्या उष्णतेमुळे सळसळतो. डीलक्स रिव्हर्बच्या पहिल्या इनपुटला मिळून 34 किलोओहमचा रोध असतो. ऐकू येणाऱ्या पट्ट्यात त्याची सळसळ सुमारे 3 मायक्रोव्होल्ट भरते. पहिली ट्यूब ती साठेकपट करते, पुढचे टप्पे आणखी वाढवतात. म्हणून सळसळीच्या बाबतीत पहिल्या टप्प्यातली ट्यूबच महत्त्वाची. ती बदलून फरक पडला नाही तर जुने कार्बनचे प्लेट रेझिस्टर बदलून मेटल फिल्मचे लावा. तरीही थोडी सळसळ राहणारच. ती काढायला एकामागून एक महागड्या ट्यूब विकत घेणारे पाहिले की मला वाईट वाटतं. तो खर्च निसर्गनियमाशी भांडण्यात जातो.

सळसळीत मध्येच तडतड होत असेल, कुणी कढईत मोहरी टाकल्यासारखी, तर मात्र काहीतरी खरंच तुटतंय. प्लेट रेझिस्टर, ट्यूबचं सैल सॉकेट, नाहीतर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा राहिलेला सांधा. नॉब फिरवतानाच खरखर येत असेल तर पॉटमध्ये (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. त्यानेही जात नसेल तर दोन टप्पे जोडणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमधून डीसी गळून पॉटवर येतोय का, ते मोजा. आणि ॲम्प चढवल्यावर किंचाळायला लागला तर पेन्सिलच्या रबराच्या टोकाने एकेक ट्यूब हलकेच टिचकवा. जाळी आणि कॅथोड यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या काही अंशाइतकंच असतं; ती जाळी सैल झाली की ट्यूब मायक्रोफोनसारखी वागते. स्पीकर त्याच खोक्यात असल्याने हादरा पुन्हा तिच्याकडे परततो आणि चक्र सुरू होतं. टिचकीवर जी टणकन वाजेल तीच दोषी.

पुढचं काम चॅसी (ॲम्पचा धातूचा सांगाडा) उघडून करायचं आहे, आणि इथे मी हात जोडून सांगतो. आत 400 व्होल्टहून जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. रेझिस्टर लावून तो उतरवायचा, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. चालू ॲम्पमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवा. हे कधी केलं नसेल तर जाणकाराकडेच द्या. स्पीकर न जोडता ॲम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. घरघर कमी होते म्हणून अर्थिंगची पिन कुणी काढत असेल तर त्याला थांबवा. आतला एखादा दोष चॅसीवर 230 व्होल्ट आणू शकतो आणि गिटारच्या तारा त्या चॅसीलाच जोडलेल्या असतात. अमेरिकन ॲम्पसाठी आपण व्होल्टेज उतरवणारे जे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरतो, त्यातल्या काहींना दोनच पिनांचं सॉकेट असतं, म्हणजे अर्थिंग तिथेच तुटतं. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

राहिली तक्रार आवाज बसल्याची. लोक म्हणतात, “आवाज निम्मा झाला, पॉवर ट्यूब गेल्या वाटतं.” पण कानाचं गणित तसं नाही. शक्ती निम्मी झाली, 22 वॉटची 11 वॉट, तर फरक फक्त 3 डेसिबलचा पडतो. लक्ष दिलं तर कळतो, एवढाच. आवाज निम्मा वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे शक्ती दहाव्या हिश्शावर यावी लागते. ट्यूब नुसत्या थकून इतकं होत नाही. मोठी घट म्हणजे मध्ये कुठेतरी एखादा टप्पा जवळजवळ बंद पडलाय. आधी कॉर्ड आणि पेडल बाजूला काढा. नव्या ॲम्पला इफेक्ट्स लूप (मध्येच पेडल जोडायची सोय) असेल तर सेंड आणि रिटर्न यांच्यात एक छोटी कॉर्ड जोडून बघा; आवाज परत आला तर त्या जॅकच्या आतले संपर्क गंजले आहेत. हा दोष इतका सर्रास आढळतो की मी सुरुवातच तिथून करतो. मग दोन्ही चॅनेल ताडून बघा. नॉर्मल ठणठणीत आणि व्हायब्रेटो क्षीण असेल तर दुसरी आणि चौथी, या दोनच ट्यूब बदलून पाहायच्या.

नव्या ट्यूबनेही फरक पडला नाही, तर कॅथोडचा रेझिस्टर आणि त्याला समांतर लावलेला 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बघा. हा कपॅसिटर शाबूत असताना 12एएक्स7 चा एक टप्पा सिग्नल साधारण 60 पट करतो. तो पूर्ण सुकला की 30 च्या आसपास. सुकत जाताना आधी खर्ज पातळ होतो, मग सगळाच आवाज खाली येतो, आणि हे इतकं सावकाश होतं की वाजवणाऱ्याला महिनोन्‌महिने कळत नाही. मीटरही मदत करत नाही, कारण कॅथोडवर नेहमीचे दीड-दोन व्होल्टच दिसतात. चांगला 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन-ऋण टोकं नीट पाहून, इन्सुलेटेड क्लिपने जुन्याला समांतर लावायचा, ॲम्प चालू करायचा आणि जाड तार छेडायची.