किल्ली-रिमोटमधील सेल बदलणे

मोटारीच्या रिमोट किल्लीतील नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल संपला की त्याच मापाचा नवा सेल बसवण्याची क्रिया. काम काही मिनिटांचे असून बहुतेक वाहनांच्या माहितीपुस्तिकेत त्याची कृती दिलेली असते.

किल्लीविना दार उघडण्याची सोय प्रथम कोणत्या मोटारीत आली, याविषयी एकमत नाही. फोर्ड कंपनीने १९८० च्या काही मॉडेलांत दारावर अंकांची बटणे दिली होती व अनेकजण तेथूनच आरंभ मानतात. परंतु त्यात हाती बाळगायचे उपकरण नव्हते आणि म्हणून सेलही नव्हता. प्रस्तुत विषयापुरता रेनॉच्या ‘फ्वेगो’ या मोटारीचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. साधारण १९८२ पासून तिच्यात उपलब्ध झालेल्या रिमोटचे श्रेय पॉल लिप्शुट्झ यांना दिले जाते. सुरुवातीचे अनेक रिमोट अवरक्त किरणांवर चालत; पुढे रेडिओ तरंगांचा वापर रूढ झाला. उत्तर अमेरिका व जपानमध्ये मुख्यतः ३१५, तर युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ कंप्रता (फ्रीक्वेन्सी) वापरतात.

आधुनिक किल्लीत सहसा दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. दार उघडणारा रेडिओ प्रेषक सेलवर चालतो. इंजिन सुरू होऊ देणाऱ्या इमोबिलायझरची चिप मात्र गाडीतील वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून प्रवर्तनाने ऊर्जा घेते, तिला सेल लागत नाही. सेल पूर्ण संपला तरी किल्लीत दडवलेल्या धातूच्या पात्याने दार उघडून, किल्ली स्टार्ट बटणाजवळ किंवा ठरवून दिलेल्या खाचेत धरून बहुतेक गाड्या सुरू करता येतात, त्या यामुळेच.

सेलवरील खुणा आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या (आयईसी) ६००८६ या मानकानुसार असतात. ‘सीआर २०३२’ मध्ये ‘सी’ म्हणजे लिथियम–मँगॅनीज डायऑक्साइड रसायन, ‘आर’ म्हणजे गोल आकार, २० हा मिमी.मधील व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिमी. जाडी. सीआर २०२५ चा व्यास व ३ व्होल्ट हा विद्युत् दाब तोच. जाडी मात्र ०.७ मिमी.ने कमी. तो २०३२ च्या जागी बसतो, पण स्पर्शपट्ट्यांचा दाब अपुरा पडून रिमोट अधूनमधून बंद पडतो. याच मापाचा पुनर्भारणक्षम (रिचार्जेबल) लिथियम-आयन सेल (एलआयआर २०३२) पूर्ण भारित असता ४ व्होल्टच्या वर जातो. तो वापरू नये.

या रसायनाचा विद्युत् दाब जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास टिकतो. वाढतो तो अंतर्गत रोध. त्यामुळे सेलमधून वीज घेतली जात नसताना मल्टिमीटरने (विद्युत् दाब मोजणाऱ्या उपकरणाने) घेतलेले माप फसवे ठरते आणि प्रेषणाच्या क्षणी दाब कोसळतो. पल्ला कमी होणे किंवा थंडीत बटण दोनदा दाबावे लागणे, ही लक्षणे मीटरपेक्षा विश्वसनीय होत.

पाते बाहेर काढले की तेथे बहुधा खाच दिसते. तीत चपटी प्लॅस्टिक पट्टी घालून हलके पिळल्यास कवच उघडते. जुना सेल कोणत्या बाजूने बसला आहे ते काढण्यापूर्वीच पाहावे. मोठा सपाट, अक्षरे कोरलेला पृष्ठभाग धन असतो, पण तो वर की खाली हे किल्लीगणिक बदलते. नवा सेल कडेने धरावा. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडल्यास तो लघुमंडलित (शॉर्ट सर्किट) होतो.

सेल काढल्याने किल्लीची ओळख पुसली जाईल ही भीती बहुधा निराधार आहे. बटणाच्या दर दाबाला बदलणाऱ्या संकेताचा गणक (मोजणी ठेवणारा भाग) सामान्यतः अशा स्मृतीत असतो, की जिला सतत वीज लागत नाही. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नॅनोटेक कंपनीत विकसित झालेल्या व १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीकडे गेलेल्या ‘कीलॉक’ या बदलत्या संकेतांच्या प्रणालीत गाडीतील ग्राही (रिसीव्हर) सामान्यतः पुढील १६ संकेत थेट स्वीकारतो. त्यापलीकडे गेलेला रिमोट दोन लागोपाठच्या दाबांनी पुन्हा जुळतो. काही जुन्या मॉडेलांना मात्र वेगळी जुळणी लागते.

काही जुन्या बीएमडब्ल्यू किल्ल्यांत पुनर्भारणक्षम व्हीएल २०२० सेल डाख देऊन जोडलेला असे. किल्ली इग्निशनमध्ये असताना तो प्रवर्तनाने भारित होई. वरील कृती त्यांना लागू पडत नाही.

नवा व वापरलेला, दोन्ही सेल मुलांपासून दूर ठेवावेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजणे होऊ शकते. वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो बॅटरी संकलनात द्यावा.