शेरिफ, रॉबर्ट सेड्रिक

(६ जून १८९६ – १३ नोव्हेंबर १९७५). इंग्रज नाटककार, कादंबरीकार व पटकथाकार. जन्म लंडनजवळच्या हॅम्प्टन विक येथे. किंग्स्टन ग्रामर स्कूलमधले शिक्षण आटोपून वडिलांप्रमाणेच तोही विमा कंपनीत कारकून म्हणून लागला. पहिल्या महायुद्धात ईस्ट सरे रेजिमेंटच्या ९ व्या बटालियनमध्ये तो अधिकारी होता; १९१७ मध्ये पॅशनडेलच्या लढाईत जखमी झाला. युद्ध संपले आणि पुन्हा तीच विम्याची नोकरी. नाटके लिहायला लागला तो हौसेने, किंग्स्टनच्या रोइंग क्लबसाठी पैसे उभे करायचे म्हणून.

‘जर्नीज एंड’ या त्याच्या युद्धनाटकाला थिएटरवाले हात लावायला तयार नव्हते. युद्धाच्या आठवणी कोणालाच नको होत्या, आणि त्यात स्त्रीपात्र तर एकही नव्हते. (पुढे १९६८ मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्याने ‘नो लीडिंग लेडी’ (नायिका नाही) असेच नाव दिले.) अखेर डिसेंबर १९२८ मध्ये स्टेज सोसायटी या हौशी प्रयोग करणाऱ्या नाट्यसंस्थेने लंडनच्या अपोलो थिएटरात ते केले. दिग्दर्शक जेम्स व्हेल. कॅप्टन स्टॅनहोपच्या भूमिकेत एकवीस वर्षांचा लॉरेन्स ऑलिव्हिए. जानेवारी १९२९ मध्ये नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आले, तेव्हा ती भूमिका कॉलिन क्लाइव्हकडे गेली. यश अफाट मिळाले.

नाटक घडते मार्च १९१८ मध्ये, फ्रान्समधल्या सेंट क्वेंटिन गावासमोरच्या खंदकांतल्या एका भुयारी खोलीत. जर्मनांचा मोठा हल्ला तोंडावर आला आहे. पण अधिकारी वाद घालतात ते सूपमध्ये मिरपूड नसल्यावर. शाळामास्तर असलेला ऑस्बोर्न लहान मुलांचे पुस्तक वाचत बसतो. स्टॅनहोप दारूच्या आधाराने उभा असतो. अनेकांनी हे नाटक युद्धविरोधी मानले. शेरिफला मात्र प्रचार करायचा नव्हता, आपल्याला भेटलेली माणसे दाखवायची होती, आणि नाटक टिकले ते त्यामुळेच.

पुढच्या नाटकांना ती उंची लाभली नाही. खेड्यातल्या क्रिकेटवरचे ‘बॅजर्स ग्रीन’ (१९३०) फारसे चालले नाही. नाटककार म्हणून नाव झाल्यावर, पस्तिशीत, तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाला! हॉलिवूडसाठी त्याने ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१९३३), तर ब्रिटिश चित्रपटांसाठी ‘ऑड मॅन आउट’ (१९४७) व ‘द डॅम बस्टर्स’ (१९५५) यांच्या पटकथांवर काम केले. ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’साठी (१९३९) ऑस्करचे नामांकनही मिळाले.

कादंबऱ्यांतही त्याची नजर कारकुनाचीच राहिली, म्हणजे बारीकसारीक टिपणारी. ‘द फोर्टनाइट इन सप्टेंबर’मध्ये (१९३१) लंडनच्या डलिच उपनगरातले स्टीव्हन्स कुटुंब दरवर्षीप्रमाणे बॉग्नरच्या समुद्रकाठी सुट्टीला जाते, आणि परत येते. बस, एवढेच. पण सामानाची बांधाबांध, गाडीची वेळ, दरवर्षीच्या खोल्यांचे जुनेपण यांनीच पाने भरतात. ‘द हॉपकिन्स मॅन्युस्क्रिप्ट’मध्ये (१९३९) चंद्र पृथ्वीवर आदळतो, निवेदक हॉपकिन्स हा निवृत्त शाळामास्तर. जगबुडी जवळ आली तरी त्याचा निम्मा जीव बक्षिसे मिळवणाऱ्या आपल्या कोंबड्यांत गुंतलेला.