बर्फ तरंगतो, पण बुडबुड्यांमुळे नव्हे

बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात म्हणून तो पाण्यावर तरंगतो, असे उत्तर चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळते. फ्रिजमधल्या खड्याचा पांढुरका गाभा बुडबुड्यांचाच असतो, हे खरे. परंतु बर्फाच्या लादीच्या कडेचा काचेसारखा नितळ तुकडा पाण्यात टाकला, तर तोही तितक्याच निवांतपणे तरंगतो. 1611 मध्ये फ्लॉरेन्सला झालेल्या वादात गॅलिलिओच्या विरोधकांचे म्हणणे होते की, बर्फ हे थंडीने आकसलेले पाणी असून ते केवळ पसरट आकारामुळे तरंगते. बर्फ हे प्रसरण पावलेले पाणी आहे, हे गॅलिलिओचे उत्तर बरोबर होते. मात्र हे प्रसरण का होते, ते समजण्यासाठी रेणूपर्यंत जावे लागते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला चिकटलेले दोन हायड्रोजन अणू असतात आणि दुसऱ्या बाजूस इलेक्ट्रॉनच्या दोन मोकळ्या जोड्या असतात. त्यामुळे प्रत्येक रेणू शेजाऱ्यांशी चार हायड्रोजन बंध (एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन यांच्यातली ओढ) जोडू शकतो. हे बंध हव्या त्या दिशेला वळत नाहीत, तर चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या) चार कोपऱ्यांकडे, एकमेकांशी सुमारे 109.5 अंशांचा कोन करून रोखलेले असतात. डब्यात लाडू दाटीने रचले, तर आतल्या एकेका लाडवाला बारा लाडू टेकतात. बर्फातल्या रेणूला मात्र चारच शेजारी लाभतात आणि त्यांच्या षट्कोनी कड्यांमध्ये पोकळ्या राहतात. बर्फ वितळताना या बंधांपैकी काही तुटतात, काही वाकतात, सांगाडा ढासळतो आणि रेणू पोकळ्यांत सरकतात. म्हणून पाण्याची घनता 1, तर बर्फाची 0.917 भरते. ही ढासळण 0 अंशाला संपत नाही. सुमारे 4 अंश सेल्सिअसपर्यंत ती उष्णतेमुळे होणाऱ्या प्रसरणावर मात करते आणि तिथे पाणी सर्वांत दाट होते. त्याहून थंड पाणी हलके असल्याने वरच राहते; श्रीनगरचे दल सरोवर वरून गोठते, ते याचमुळे.

पाण्यात बर्फासारखी षट्कोनी रचना टिकवता येते असा दावा करून ‘षट्कोनी पाणी’ म्हणून महागडी यंत्रे विकणाऱ्यांना एवढेच सांगावे की, द्रवरूप पाण्यातला हायड्रोजन बंध सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागाइतक्या अवधीत तुटून नवा जुळतो. त्यात कोणतीही रचना बाटलीत भरून ठेवता येत नाही.

जड पाण्याचा बर्फ मात्र साध्या पाण्यात बुडतो. त्याचा सांगाडा तसाच, पोकळ्याही तशाच. फक्त हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरिअम, म्हणजे हायड्रोजनचेच जड रूप, असल्याने रेणू सुमारे 11 टक्क्यांनी जड. तोच खडा जड पाण्यात टाकला, की तरंगू लागतो.