प्रार्थनासभेच्या दारात पोलीस येतात, त्यामागची जुनी फाईल

घरात पंधरा-वीस लोकं प्रार्थनेला जमलीत, ढोलकी चालूय, तेवढ्यात बाहेर टोळकं येऊन 'धर्मांतर चाललंय' म्हणून आरडाओरडा करतं आणि शेवटी पोलीस उचलून नेतात ते पास्टरलाच. असे व्हिडिओ एव्हाना सगळ्यांनी पाहिले असतील. लोकांना वाटतं हे गेल्या काही वर्षांतलं फॅड आहे, पण पाळंमुळं लांब जातात.

रायगढ संस्थानाने (छत्तीसगडमधलं, आपलं रायगड नव्हे) १९३६ मध्येच धर्मांतरावर कायदा आणला होता. मग १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नागपूर हायकोर्टाचे निवृत्त चीफ जस्टिस नियोगी यांची समिती नेमली, तिने १९५६ च्या रिपोर्टमध्ये मिशनऱ्यांवर ताशेरे ओढले आणि तो रिपोर्ट आजही पुरावा म्हणून पुढे केला जातो. १९६७ ला ओडिशा, १९६८ ला मध्य प्रदेश, दोघांनी जबरदस्तीच्या किंवा आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले, शिक्षा एक वर्षापर्यंत, पण ज्याचं धर्मांतर झालं ती व्यक्ती बाई, अल्पवयीन किंवा दलित-आदिवासी असेल तर डबल, म्हणजे या लोकांना स्वतःची अक्कल नाही असं धरूनच चाललेत! १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे दोन्ही कायदे वैध ठरवले, धर्माचा प्रचार करा, पण दुसऱ्याला धर्मांतरित करणं हा काही मूलभूत हक्क नाही, असं म्हणत. आणि हे एकाच पक्षाचं काम नाही बरं का, हिमाचलचा २००६ चा कायदा काँग्रेस सरकारचा.

दुसरा धागा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा. दलित माणूस ख्रिश्चन झाला की एससीच्या सवलती जातात, म्हणून बरेच जण कागदावर काहीच बदलत नाहीत, सभा घरातच भरते आणि मग हे चोरून चाललंय असा संशय घ्यायला लोक मोकळे.

बस्तरमध्ये तर मेल्यावरही सुटका नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका पास्टरचा मृतदेह वीस दिवस शवागारात पडून होता, कारण गावात पुरायला विरोध. मुलगा सुप्रीम कोर्टात गेला, दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायला सांगितलं.

यूपीच्या धर्मांतरविरोधी कायद्यात आधी तक्रार निदान पीडित व्यक्ती किंवा नातेवाइकांनाच करता यायची, २०२४ च्या दुरुस्तीनंतर कुणीही करू शकतं. आणि जबरदस्ती केली नाही हे सिद्ध करायचं आरोपीनेच, हे तर त्या कायद्यात आधीपासूनच होतं. दारात ओरडणारं टोळकंच आता तक्रारदार होऊ शकतं.