पाच हेक्टरांखालील वाळूपट्टा आणि पर्यावरण मंजुरी

‘पाच हेक्टरांपेक्षा लहान वाळूपट्ट्याला पर्यावरण मंजुरी लागत नाही,’ हे विधान आजही वाळूपट्ट्यांच्या, म्हणजे वाळू उपशासाठी दिल्या जाणाऱ्या नदीपात्राच्या भागांच्या, लिलावाच्या दिवसांत ठामपणे केले जाते. ते निराधार नव्हते, पण कालबाह्य आहे. केंद्र सरकारच्या सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत पाच हेक्टरांखालील पट्टे मंजुरीच्या कक्षेबाहेर होते आणि पळवाट तिथेच होती: एकाच नदीपात्राचे साडेचार-साडेचार हेक्टरांचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा कागदोपत्री निर्दोष, पात्र मात्र सलग उपसलेले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या प्रकरणात पाच हेक्टरांखालील गौण खनिजांच्या (वाळू, मुरूम, दगड यांसारख्या) पट्ट्यांनाही, नूतनीकरणासह, पूर्वमंजुरी आवश्यक ठरवली. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने त्याला नियमांची चौकट देऊन जिल्हा सर्वेक्षण अहवाल (जिल्ह्यात कुठे व किती उपसा करता येईल याची पाहणी) बंधनकारक केला.

सूट काही कामांना आहेच. धरण, तलाव किंवा कालव्याच्या देखभालीसाठी गाळ काढणे, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने हटवणे, कुंभाराने हाताने माती काढणे ही त्यांपैकी काही. मात्र देखभालीच्या नावाखाली तलावातील वाळू विक्रीसाठी उपसली, तर तो या सवलतीचा सरळ गैरवापर होय. शिवाय ही सूट केवळ पर्यावरण मंजुरीपुरती असते. स्वामित्वधन (खनिजासाठी सरकारला द्यायची रक्कम) आणि वाहतूक परवान्याचे नियम वेगळे असून महाराष्ट्रात विनापरवाना उत्खननावर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार दंड व वाहनजप्ती होऊ शकते.